मागून आवाज येतोय: जुन्या जीपच्या डिफरन्शियलचं निदान, नवशिक्यांसाठी

अभिनंदन! ज्याअर्थी ही मार्गदर्शिका तुमच्या हातात आहे, त्याअर्थी तुमच्या दारात एक जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी उभी आहे, ती चालू लागली की मागून आवाज येतो आणि त्या आवाजाबद्दल घरातलं कुणीही आता तुमच्याशी बोलायला तयार नाही. गाडी बहुधा महिंद्राची एमएम ५४० असेल. नाहीतर मिलिटरी डिस्पोजलमधून आलेली जीप, नाहीतर अर्धं आयुष्य वडापला जुंपून झाल्यावर ‘शौकीन माणसालाच द्यायची आहे’ म्हणत तुमच्या गळ्यात मारलेली कमांडर. चाळिसाच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिस जीप जोडायला सुरुवात झाली आणि तिचा सांगाडा पुढच्या कित्येक मॉडेलांत थोड्याफार फरकाने टिकून राहिला. त्यामुळे खालचा मजकूर या सगळ्या कुटुंबाला लागू आहे.

आवाज येतो असं तुम्ही पहिल्यांदा चारचौघांत बोलाल तेव्हा समोरचा माणूस, मग तो कुणी का असेना, ‘डिफरन्शियल गेला’ असं सांगेल. टपरीवरचा सांगेल, पंक्चरवाला सांगेल, मेव्हणा फोनवरून सांगेल. या निदानासाठी गाडीखाली जावं लागत नाही आणि ते खोटं ठरेपर्यंत सांगणारा घरी पोचलेला असतो, त्यामुळे ते लोकप्रिय आहे. वस्तुस्थिती अशी की मागच्या अ‍ॅक्सलच्या पोटातल्या या गरीब प्राण्यावर जेवढे आळ येतात त्यातले पुष्कळसे शेजाऱ्यांचे असतात. टायर, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, चाकाची बेअरिंगं, पाट्यांची बुशं हे सगळे मोकळे सुटतात. डिफरन्शियल उघडणं हे सगळ्यात शेवटचं काम. म्हणून ही मार्गदर्शिका तुम्हाला तो होता होईल तेवढा वेळ उघडू देणार नाही.

आत काय असतं

बैलगाडीला डिफरन्शियल लागत नाही. तिची दोन चाकं कण्यावर आपापली फिरतात, वळणावर बाहेरचं जास्त, आतलं कमी, आणि बैलाला त्याचा पत्ताही नसतो. मोटारीत चाकांनाच जोर द्यायचा असतो. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवली तर वळणावर एकाची फरफट होणार. यावरचा तोडगा ओनेसिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीने १८२०च्या दशकात काढला, तेही वाफेवर चालणाऱ्या गाडीसाठी. माणूस घड्याळजी होता हे लक्षात ठेवा. पुढे शिम आणि मायक्रॉनची भाषा सुरू झाली की त्याचा राग येईल, तेव्हा उपयोगी पडेल.

प्रोपेलर शाफ्टच्या टोकाला टेल पिनियन असतो. तो मोठ्या क्राऊनला फिरवतो. क्राऊन एका केजला बोल्टांनी आवळलेला असतो आणि केजच्या आत सन आणि स्टार नावाचे छोटे गिअर असतात. सरळ रस्त्यावर हे सन-स्टार स्वतःभोवती फिरत नाहीत, केजबरोबर नुसते गोल जातात. वळण आलं की मगच कामाला लागतात. या शेवटच्या दोन वाक्यांखाली पेन्सिलीने रेघ मारा, कारण पुष्कळसं निदान तिथेच आहे.

दातांचा हिशेबही टिपून ठेवा. विलिसच्या जुन्या सीजे जीपांत पिनियनला ८ आणि क्राऊनला ४३ दात असायचे, म्हणजे ५.३८ चा रेशो. महायुद्धातल्या एमबीला ८ आणि ३९, म्हणजे ४.८८. थोडक्यात, चाक एकदा फिरतं तेव्हा शाफ्ट पाचेक वेळा फिरलेला असतो. हा आकडा लवकरच कामी येईल.

पायरी शून्य: गाडी फोर-व्हील आहे का, ते बघा

हसू नका. आत लिव्हर असणं हा पुरावा नव्हे. डिझेल वाचवण्यासाठी आधीच्या मालकाने पुढचा प्रोपेलर शाफ्ट काढून माळ्यावर टाकलेला असणं अगदी शक्य आहे, आणि माळा त्याने गाडीबरोबर विकलेला नाही. खाली वाकून बघा.

शाफ्ट असेल तर पुढचा प्रश्न. तुम्ही गाडी फोरमध्ये टाकून डांबरी रस्त्यावर चालवत नाही ना? ‘पावर जास्त मिळते’ म्हणून महाबळेश्वरपर्यंत लिव्हर फोरमध्ये ठेवून जाणारे सद्गृहस्थ आहेत. या गाड्यांना पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमध्ये तिसरा डिफरन्शियल नसतो. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात. चिखलात किंवा वाळूत चाकं थोडी घसरून तो हिशेब मिटवतात, कोरड्या डांबरावर मिटवत नाहीत. मग सगळी यंत्रणा पिळवटते, स्टिअरिंग जड होतं, टायर कुरकुरतात, खालून खाड्‌कन आवाज येतो आणि लिव्हर टूमध्ये यायला नकार देते. गाडी सरळ ठेवून थोडी मागे घ्या, पीळ सुटतो, लिव्हर निघते. हा तुमचा आवाज असेल तर मार्गदर्शिका इथेच मिटा आणि घरी काही सांगू नका.

तसंच, मागे कधी ‘घाटाला चांगला’ म्हणून कुणी एकाच अ‍ॅक्सलचे गिअर बदलले असतील आणि पुढचा-मागचा रेशो वेगळा झाला असेल, तर फोरमध्ये टाकताच दोन अ‍ॅक्सल एकमेकांशी भांडायला लागतात. अगदी सरळ रस्त्यावरसुद्धा.

पायरी पहिली: आवाजाची नक्कल करायला शिका

इथे घाई करू नये. डिफरन्शियलचं निदान नव्वद टक्के तोंडाने होतं, असं म्हटलं तर मिस्त्री लोक रागावणार नाहीत. गॅरेजमध्ये होणारा संवाद साधारण असा असतो.

“मिस्त्री, मागून घूंऽऽ असा येतोय.”

“घूंऽऽ का घर्रऽऽ?”

“घूंऽऽच. पन्नासला कुंईऽऽ होतो.”

“पाय काढल्यावर ऱ्हातोय का जातोय?”

“पाय काढल्यावर... ते बघितलं नाही.”

“मग काय बघितलं साहेब?”

हा शेवटचा प्रश्न टाळण्यासाठी सपाट, मोकळ्या रस्त्यावर जा. खिडक्यांच्या काचा, असल्यास, बंद करा. टूलबॉक्समधला सुटा पाना, सीटखालची पाण्याची बाटली, मागच्या फाळक्याची साखळी हे सगळं आधी बाहेर काढा. एकदा का डिफरन्शियलचा संशय डोक्यात शिरला की फाळक्याची साखळीसुद्धा क्राऊन वाटते.

आता गाडी चाळीस-पन्नासला न्या आणि तीन गोष्टी करा. अ‍ॅक्सिलरेटर दाबून ऐका. पाय पूर्ण काढून, गाडी गिअरमध्येच ठेवून ऐका. मग पाय असा ठेवा की गाडी ना ओढते ना अडते, आणि तेव्हा ऐका. दाबल्यावर घूंऽऽ येतो आणि सोडल्यावर जातो, तर क्राऊन-पिनियनच्या दातांची पुढची बाजू झिजली असेल किंवा त्यांची बसणी चुकली असेल. उलट, पाय काढल्यावरच कुंईऽऽ येत असेल तर पिनियन सैल झाला असण्याची शक्यता जास्त. त्याची बेअरिंगं गेलेली असतात किंवा पुढचा मोठा नट ढिला असतो. दाबा, सोडा, काहीही करा, घर्रऽऽ तसाच राहतो आणि वेगाबरोबर फक्त जाड होत जातो, तर बेअरिंग. सरळ जाताना पूर्ण शांतता आणि वळणावर मात्र कटकट, तर सन-स्टार. रेघ मारलेली वाक्यं आठवली असतील.

आता त्याच वेगात, मागेपुढे कुणी नाही हे बघून, गाडी हलकेच डावीकडे-उजवीकडे झुलवा. डावीकडे झुकवल्यावर घर्रऽऽ वाढत असेल तर भार उजव्या चाकावर गेला आहे. तिथलं चाकाचं बेअरिंग बघा, डिफरन्शियलची माफी मागा.

टायरची परीक्षा याहून सोपी. डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर आलात आणि आवाजाचा सूर बदलला, तर तो टायर. डिफरन्शियलला रस्ता कशाचा आहे ते कळत नाही. मातीत चालवायचे जाड गोट्यांचे टायर डांबरावर असा काही घूंऽऽ काढतात की नवशिक्याच काय, बऱ्यापैकी जुना माणूसही फसतो. चारही टायरांत हवा चांगली वाढवून तोच रस्ता परत कापा. आवाज बदलला तर तुमचे पैसे वाचले. (हवा नंतर पुन्हा कमी करायला विसरू नये.)

न्यूट्रलमध्ये गाडी सोडून ऐकणं हीसुद्धा चांगली परीक्षा आहे, इंजिन आणि गिअरबॉक्सचे बरेच आवाज त्यात वगळले जातात. मात्र ती सपाट रस्त्यावरच करायची. आंबा घाटाच्या उतारावर करणाऱ्यांसाठी ही मार्गदर्शिका नाही.

पायरी दुसरी: मोजा

टकटक असा तुटक आवाज येत असेल तर मोजायचा. जुन्या जीपचा ६.००–१६ मापाचा टायर एका फेऱ्यात साधारण सव्वादोन मीटर जातो. म्हणजे ताशी दहाच्या वेगाने चाक सेकंदाला एकदा किंवा किंचित जास्त फिरतं आणि प्रोपेलर शाफ्ट सहा-सात वेळा. टक... टक... टक असं तोंडाने म्हणता येईल इतक्या सावकाश वाजत असेल, तर दोष चाकाच्या वेगाने फिरणाऱ्या वस्तूत आहे. क्राऊनचा एखादा दात उडाला असेल, ब्रेक ड्रम वाकडा असेल, चाकाचा बोल्ट ढिला असेल किंवा टायरच्या गोट्यांत खडा अडकला असेल. खडा आधी बघा. टकटकटकटक इतक्या भराभर असेल की मोजताना जीभ अडखळते, तर तो शाफ्टच्या वेगाचा. मग क्रॉस किंवा टेल पिनियन.

नवशिक्यांना एवढीच एक परीक्षा जरी नीट जमली तरी गॅरेजमध्ये त्यांना बसायला स्टूल मिळतं.

पायरी तिसरी: क्रॉस

गाडी सुटताना खट्ट, पहिल्यातून रिव्हर्स टाकताना खट्ट. लोक म्हणतात डिफरन्शियल. तुम्ही खाली जा, प्रोपेलर शाफ्ट दोन्ही हातांनी धरा, पिळा, वर-खाली करा. दोन्ही टोकांच्या क्रॉसच्या वाट्यांभोवती बोट फिरवा. बोटाला लालसर, कोरडी भुकटी लागली तर आतलं ग्रीस कधीच संपलेलं आहे आणि सुया घासून त्यांचा गंज बाहेर येतो आहे. सावकाश चालवताना चुंईक-चुंईक येतो तो हाच. क्रॉसची किंमत अख्ख्या क्राऊन-पिनियनच्या मानाने किरकोळ असते, म्हणूनच त्याचं नाव कुणी आधी घेत नाही.

शाफ्टच्या सरकत्या स्प्लाइनमध्ये ग्रीस आहे का बघा. पाट्यांचे यू-बोल्ट आवळून बघा. ते ढिले असतील तर अख्खा अ‍ॅक्सलच जागचा हलतो आणि खट्ट वाजतो. आणखी एक. जुन्या सीजेंच्या मागच्या अ‍ॅक्सलवर हब टेपरवर बसवलेला असतो आणि त्यात छोटी चावी असते. हबचा नट ढिला पडला की चावी मार खाते, आणि मग रिव्हर्स टाकताना येणारा खट्ट शंभर टक्के डिफरन्शियलचा वाटतो.

पायरी चौथी: जॅक, आणि त्याआधी दगड

ही पायरी न वाचता पुढे जाऊ नका. विलिसच्या जुन्या आराखड्यात हँडब्रेक चाकांना नसतो. तो ट्रान्सफर केसच्या मागे, थेट शाफ्टवर असतो. आता समजा, हँडब्रेक ओढून तुम्ही मागचं एकच चाक जॅकवर उचललं. शाफ्ट अडला, कबूल. पण जमिनीवरचं चाक पुढे गेलं तर हवेतलं उलटं फिरून त्याला वाट करून देतं, कारण डिफरन्शियलचा जन्मच त्यासाठी आहे. गाडी जॅकवरून सटकते. ती तुमच्या अंगावर आली तर सन-स्टार ठणठणीत असल्याचं ते लक्षण समजावं, पण हे कळण्याचे याहून चांगले मार्ग आहेत. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. मोठे दगड. अ‍ॅक्सलखाली स्टँड द्या. विटा रचू नका, वीट न सांगता फुटते.

मागची दोन्ही चाकं उचलून गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक सोडा आणि एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलट फिरलं तर साधा डिफरन्शियल आहे. दोन्ही एकाच दिशेने फिरली तर आत लॉकिंग किंवा लिमिटेड स्लिपचा प्रकार असेल. नाहीतर गंज. फिरवताना हाताला कुठे अडखळल्यासारखं लागतं का बघा, कान हाउसिंगजवळ नेऊन खरखर ऐका. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक हाउसिंगला आणि मूठ कानाच्या हाडाला लावली की बेअरिंग बोलायला लागतं. शेजारी विचारतील तर ‘ऐकतोय’ एवढंच सांगा.

मग चाकं स्थिर ठेवून पिनियनच्या फ्लँजला हाताने पुढे-मागे हिसका द्या. गोल दिशेने थोडा प्ले असणारच, दातांच्या मध्ये ती फट मुद्दाम ठेवलेली असते. पण फ्लँज वर-खाली किंवा आत-बाहेर हलत असेल तर पिनियनची बेअरिंगं गेली. याला दुसरं मत नको.

पायरी पाचवी: भरायचा प्लग आधी

ऑइल बघायचं आहे. हाउसिंगला एक वर भरायचा प्लग असतो आणि बऱ्याच अ‍ॅक्सलांना खाली सोडायचा. जगभरच्या नवशिक्यांची परंपरा अशी की खालचा प्लग आधी उघडायचा, सगळं ऑइल ओतून टाकायचं आणि मग कळायचं की वरचा प्लग मागच्या मालकाच्या काळापासून जाम आहे, त्याचा चौकोन गोल झालेला आहे आणि गाडी आता जागची हलवता येत नाही. भरायचा प्लग उघडल्याशिवाय सोडायच्या प्लगकडे बघायचंही नाही.

वरचा प्लग निघाला की करंगळी आत घालून वाकवा. भोकाच्या खालच्या काठाशी ऑइल लागलं पाहिजे. लागलं नाही तर आवाजाचं कारण बहुधा सापडलंच. या अ‍ॅक्सलांत सगळं मिळून लिटर-सव्वा लिटर ऑइल मावतं, त्यातलं पाव लिटर सीलमधून पार्किंगमध्ये गेलं तर उरलं काय? डिफरन्शियलमध्ये ईपी गिअर ऑइल लागतं, जीएल-५ प्रतीचं, साधारण ९० चं. क्राऊन-पिनियनचे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घासत सरकतात, तिथे साधं ऑइल टिकत नाही. उरलेलं जीएल-५ गिअरबॉक्समध्ये मात्र ओतू नका. पितळी रिंगांच्या गिअरबॉक्सला ते मानवत नाही, तिथे जीएल-४.

आता करंगळी बाहेर काढून उजेडात धरा. ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, तो साबणाने जात नाही, पोह्यांवर लिंबू पिळताना परत येतो. पण वासापेक्षा रंग महत्त्वाचा. काळपट आणि पातळ असेल तर जुनं झालं. दूध घातलेल्या चहाच्या रंगाचं निघालं तर आत पाणी आहे, आणि पाणी आलं कुठून याचं उत्तर अ‍ॅक्सलच्या नळीवरच्या चिमुकल्या ब्रीदरमध्ये आहे. चालून तापलेला अ‍ॅक्सल कोकणातल्या एखाद्या ओढ्यात उतरतो, झटक्यात गार होतो, आतली हवा आक्रसते. ब्रीदर चिखलाने बंद असेल तर ती ओढ सीलच्या फटीतून ओढ्याचं पाणी आत घेते. हाच बंद ब्रीदर उन्हाळ्यात उलटं काम करतो. आतला दाब सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो, ते ब्रेक शूवर जातं, आणि तुम्ही ब्रेकवाल्याकडे तक्रार घेऊन जाता. ब्रीदर काढून फुंकर मारा. यापेक्षा स्वस्त दुरुस्ती या गाडीत नाही.

ऑइल एका पसरट भांड्यात सोडा. भांडं घरातलं नको, हे सांगायला लागू नये. त्यात लोहचुंबक फिरवा. चुंबकावर राखाडी, मऊ लेप आला तर घाबरू नका, तेवढी झीज चालायचीच. सुया निघाल्या तर बेअरिंगचा विचार करा. चकचकीत पापुद्रे निघाले तर दातांचा पृष्ठभाग सुटतोय. आणि तुकडा निघाला, ज्याला एक बाजू अजून गिअरच्या दाताची आहे, तर पुढच्या दोन पायऱ्या गाळा.

जुनी गाडी विकत घेताना हाच प्लग उघडून बघावा. आत ऑइलऐवजी घट्ट ग्रीस भरलेलं असेल, किंवा लाकडाचा भुसा हाताला लागला, तर विक्रेत्याला आवाजाची पूर्ण कल्पना आहे. व्यापारातली ही जुनी युक्ती आहे आणि शेदोनशे किलोमीटर छान चालते, म्हणजे तुमच्या घरापर्यंत.

पायरी सहावी: मागचा शाफ्ट काढून टाका

सगळ्यात सुंदर परीक्षा, आणि ती फक्त फोर-व्हील गाडीवाल्यांनाच करता येते. मागचा प्रोपेलर शाफ्ट दोन्हीकडून सोडवा, पुढचे हब लॉक करा, गाडी फोरमध्ये टाका आणि पुढच्या चाकांवर चालवा. आवाज गेला तर तो मागच्या शाफ्टमध्ये किंवा त्याच्याही मागे कुठेतरी आहे. राहिला तर तुम्ही बहुधा इतके दिवस चुकीच्या टोकाला कान लावून बसला होतात. लक्षात असू द्या, शाफ्ट निघाला की हँडब्रेकही गेला. घराच्या उतारावर ही परीक्षा करू नका, आणि झाल्यावर शाफ्ट गाडीतच घेऊन फिरा, माळ्यावर टाकू नका.

पायरी सातवी: हात लावून बघा

पंधरावीस किलोमीटर चालवून थांबा. हाउसिंग कोमट असावं. हात ठेववत नसेल तर ऑइल कमी आहे किंवा बेअरिंग जास्त आवळलेलं आहे. दोन्ही हबांची तुलना करा. एकच तापला असेल तर ब्रेक चिकटतोय. बस्स.

पायरी आठवी: आता उघडा

एवढं सगळं करूनही संशय तिथेच राहिला, तर ठीक आहे. डेना ४४ प्रकारच्या अ‍ॅक्सलला मागे दहा बोल्टांचं झाकण असतं. ते काढलं की क्राऊन समोर दिसतो. चाक हाताने फिरवत एकेक दात बघा. खडूने पहिल्या दातावर खूण करा, नाहीतर संध्याकाळपर्यंत फिरवत बसाल.

केजच्या दोन्ही बाजूंच्या बेअरिंग कॅप काढण्याआधी त्यांच्यावर पंचाने डावी-उजवी खूण करा. त्या हाउसिंगबरोबर एकत्रच कातलेल्या असतात, अदलाबदल चालत नाही. दोन्हीकडचे शिम वेगळ्या पिशव्यांत ठेवा, पिशवीवर लिहा. पातळ पत्र्याच्या या चकत्यांवर सगळी बसणी अवलंबून असते. क्राऊन आणि पिनियनमध्ये फट साधारण ०.१५ मिलिमीटरच्या आसपास ठेवायची असते, ती डायल गेजने बघतात. मग दातांवर रंग लावून फिरवतात आणि उमटलेला ठसा वाचतात. ठसा दाताच्या मध्यावर पाहिजे. टोकाला गेला किंवा मुळाशी बसला तर परत शिम, परत रंग, परत ठसा. घड्याळजीचा राग येईल असं म्हटलं होतं तो हाच टप्पा. ही बसणी स्वतः करू नका, चांगला मिस्त्री धरा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा तुमच्या गावच्या ट्रान्सपोर्ट अड्ड्याजवळ असा एक माणूस असतोच. तो फारसं बोलत नाही आणि त्याच्याकडे नेहमी तीन गाड्या आधीच उघडून पडलेल्या असतात. त्या तीन असणं हीच त्याची शिफारस.

सुटे भाग घेताना क्राऊन आणि पिनियन जोडीनेच घ्यायचे. कारखान्यात ते एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, म्हणून दोन्हींवर सारखा जोडीचा नंबर कोरतात. पुण्याच्या जुन्या बाजारात तुम्हाला नुसता क्राऊन अर्ध्याहून कमी पैशांत मिळेल आणि विकणारा शपथेवर सांगेल की चालतो. चालतो हे खरं आहे. कुंईऽऽ करत चालतो.

आणि एक, जे कुणी सांगत नाही. नुसत्या बारीक, एकसुरी आवाजासाठी डिफरन्शियल उघडायची गरज असतेच असं नाही. ऑइल पूर्ण आहे, प्ले नाही, चुंबकावर तुकडा नाही, तर असा गुणगुणणारा अ‍ॅक्सल वर्षानुवर्षं चालतो. उलट जुन्या, एकमेकांना सरावलेल्या दातांची जागा शिम बदलून हलवली तर आवाज वाढलेलाच बघितलाय. खट्ट आणि टकटक मात्र ढकलत न्यायचे नाहीत. सुटलेला दात दुसऱ्या दातांत अडकला की मागची चाकं जाम होतात, आणि ते गॅरेजसमोर होत नाही.

पायरी नववी: नवी जोडी बसवल्यानंतर

पहिल्या पंधरा-वीस किलोमीटरनंतर थांबून अ‍ॅक्सल पूर्ण गार होऊ द्या. पहिले काही शे किलोमीटर गाडी मध्यम वेगात ठेवा, ओझं नको, ट्रेलर नको, घाट नको. सातशे-आठशे किलोमीटरला ऑइल बदला, कारण नव्या दातांची पहिली झीज त्यात उतरलेली असते. नेमक्या याच दिवसांत तुमचा मामेभाऊ लग्नाची भांडी आणायला गाडी मागेल. गाडी दुरुस्त झाल्याची बातमी त्याच्यापर्यंत पोचलेली असणार, कारण तुम्हीच सगळ्यांना फोन करून सांगितलेली आहे. त्याला सांगा, डिफरन्शियल गेलाय. तो लगेच मान्य करेल, त्यानेच ते पहिल्यांदा सांगितलं होतं.